एकच खाट, चार कॉलेजांच्या कागदावर

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
माननीय कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
माननीय अध्यक्ष, महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी एक निवृत्त परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत काढली. त्यातली शेवटची अकरा एका जिल्हा रुग्णालयात, फिमेल मेडिकल वॉर्डात. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तेवढ्याच रुग्णालयाला नोटीस जाईल, खुलासा येईल आणि फाइल बंद होईल. नोकरीत असते तर हे पत्र लिहिलंच नसतं. वर्तणूक नियम काय असतात ते तुम्हाला सांगायला नको.

लिहायला कारण एक फलक झाला. आमच्या गावाबाहेर एक मंगल कार्यालय आहे. माझ्या पुतणीचं लग्न तिथेच झालं. गेल्या महिन्यात बसमधून जाताना पाहिलं, तर वरच्या मजल्यावर फ्लेक्स लागलेला: बी.एस्सी. नर्सिंग, जीएनएम, एएनएम, प्रवेश सुरू, हॉस्टेलची सोय. जीएनएम आणि एएनएम म्हणजे पदवीच्या खालचे नर्सिंग अभ्यासक्रम. खाली लग्नाचा मांडव तसाच होता. आमच्या जिल्ह्यात नर्सिंग कॉलेजं आधीच कमी नव्हती, त्यात ही भर. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो इमारतीचा नव्हता. या मुली शिकायला पेशंट कुठला आणणार?

उत्तर मला माहीत होतं. माझ्याच वॉर्डातला.

माझा वॉर्ड बत्तीस खाटांचा. पावसाळ्यात जमिनीवर गाद्या घालून पन्नासपर्यंत जायचा. सकाळी आठला नाइटच्या सिस्टरकडून ओव्हर, म्हणजे वॉर्डाचा ताबा, घेत असताना दारात मुलींचा घोळका उभा राहायचा. निळ्या काठाचे ॲप्रन एका कॉलेजचे, गुलाबी दुसऱ्याचे, पांढऱ्यावर हिरवा बॅज तिसऱ्याचा, आणि चौथ्या कॉलेजच्या मुली साडेनऊला, कारण त्यांची बस उशिरा यायची. मी एकदा मोजल्या, बहात्तर होत्या. सोबत शिक्षिका दोन, त्यातली एक स्वतःच दोन वर्षांपूर्वी पास झालेली. वॉर्डात बीपीची चालू मशीन दोन. एका म्हातारीचं बीपी सकाळी नऊ ते अकरा या वेळात सात जणींनी घेतलं. शेवटी ती म्हणाली, "बाई, हात दुखला, आता पायाचं घ्या."

आम्ही हसलो तेव्हा. पण याच वॉर्डात हसू न आलेला एक दिवसही होता. चौथ्या वर्षाची एक मुलगी, अभ्यासात हुशार, इन्सुलिन भरत होती. हातात एका मिलिलिटरला चाळीस युनिटची बाटली आणि सिरिंज मात्र नारिंगी टोपणाची, म्हणजे शंभर युनिटची. दहा युनिट द्यायचे म्हणून तिने दहाच्या खुणेपर्यंत ओढलं. हिशेबाने ते चारच युनिट होतात. मी वेळेत पाहिलं म्हणून थांबलं. सिरिंज आणि बाटली उलटसुलट असती, म्हणजे शंभरची बाटली आणि लाल टोपणाची चाळीसची सिरिंज, तर पेशंटला अडीचपट इन्सुलिन गेलं असतं आणि मी आज वेगळं पत्र लिहीत बसले असते. रागावून विचारलं, लाल आणि नारिंगी टोपणातला फरक माहीत नाही का? तिने फरक घडाघडा सांगितला. मग खाली बघत म्हणाली, "मॅडम, वहीत चार वेळा लिहिलंय. हातात पहिल्यांदाच घेतली."

दोष त्या मुलीचा मी धरत नाही. तिच्या कॉलेजचाही मी इथे पूर्ण धरत नाही, कारण माझी मुख्य तक्रार कॉलेजांच्याही वर बसलेल्या यंत्रणेबद्दल आहे.

भारतीय परिचर्या परिषदेचे निकष तुम्हाला पाठ आहेत. वॉर्डात एका विद्यार्थिनीमागे किमान तीन पेशंट. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. संस्थेचं स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय. निकष चांगले आहेत, माझी त्यावर तक्रार नाही. कॉलेज परवानगी मागतं तेव्हा आपल्या रुग्णालयासोबत संलग्न म्हणून जिल्हा रुग्णालयाचं पत्र जोडतं. खाटा इतक्या, बाळंतपणं इतकी, ऑपरेशनं इतकी. तपासणी समिती त्या कॉलेजपुरता हिशेब करते आणि तो बरोबर निघतो. पुढच्या कॉलेजला तेच पत्र, त्याच खाटा, तोच हिशेब, तोही बरोबर. तिसऱ्याला, चौथ्याला तसंच. चारही कॉलेजं कागदावर पास होतात. आणि चारही कागद एका टेबलावर ठेवून बेरीज करायची जबाबदारी कोणाचीच नाही. माझ्या वॉर्डातली सात नंबरची खाट एकच होती, पण ती चार ठिकाणी मोजलेली होती. त्या खाटेवरच्या बाईला विचारायला मात्र कोणी आलं नाही.

ही बेरीज करायला नवा कायदा लागत नाही. विद्यापीठाचा १९९८ चा कायदाच बृहत आराखडा, म्हणजे कुठे कोणती कॉलेजं हवीत याची योजना, करा असं सांगतो. शिक्षणाच्या सोयी सगळीकडे न्याय्य वाटल्या जाव्यात, हा त्याचा हेतू. पण आमच्या जिल्ह्यात त्या आराखड्याचा अर्थ काय झाला? कुठल्या तालुक्यात कॉलेज नाही ते पाहायचं आणि तिथे अर्ज करायचा. त्या तालुक्यात पेशंट किती, बाळंतपणं किती, हे पुढचं. कॉलेज तालुक्याच्या नावावर निघतं आणि मुली रोज पन्नास किलोमीटरवरून जिल्ह्यालाच येतात, कारण तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तीस खाटा.

प्रसूती कक्षाचं तर विचारूच नका, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण तिथला हिशेब सगळ्यात सोपा आहे, म्हणून मांडते. पूर्वीच्या अभ्यासक्रमात प्रत्येक मुलीने वीस नॉर्मल डिलिव्हरी स्वतः करायच्या, अशी अट होती. साठ जागांच्या एका कॉलेजच्या एका तुकडीला बाराशे डिलिव्हरी लागतात. चार कॉलेजं धरली तर चार हजार आठशे. आमच्याकडे वर्षभरात नॉर्मल डिलिव्हरी त्याच्या निम्म्याही होत नसत. त्यातल्या कित्येक रात्री दोननंतरच्या, आणि तेव्हा कॉलेजची बस नसते. मग काय व्हायचं? एका बाळंतपणाला सात मुली उभ्या. हात एकीचे, बाकी सहा जणींचे डोळे, आणि सातही वह्यांत तोच नंबर, तीच वेळ, तेच बाळाचं वजन, खाली "कंडक्टेड बाय". सही घ्यायला त्या माझ्या मैत्रिणीकडे, लेबर रूमच्या इन्चार्जकडे, यायच्या. ती सही करायची. न केली तर मुलगी परीक्षेला बसणार नाही. आता क्रेडिट आले, सेमिस्टर आले, आकडे थोडेफार बदलले. वह्या तशाच भरतात.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय हे पत्र खोटं होईल.

निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी एका कॉलेजच्या संस्थाचालकांचा फोन आला. ओळखीतून. "ताई, एक दिवसाचं काम आहे. तुमचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट आणि पोस्ट बेसिकच्या मार्कशीटची झेरॉक्स घेऊन या." मी गेले. माझ्या नावाची पाटी टेबलावर तयार होती, खाली "ट्यूटर". हजेरीपटावर मागच्या पाच महिन्यांच्या सह्यांसाठी चौकोन रिकामे होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची बाई नगरकडच्या कॉलेजमधून पहाटेच्या एसटीने आली होती. तिने सांगितलं, परवा दुसरीकडे जायचंय. बारा वाजता समिती आली. तपासणारी मंडळं तीन-चार आहेत, त्यातली ही कोणती हे मी सांगत नाही, कारण मला सगळ्यांना विचारायचंय. माझं नाव, अनुभव, नोंदणी क्रमांक विचारला, टिक केली, पुढे गेले. मग कॉलेजच्या स्वतःच्या शंभर खाटांच्या रुग्णालयात फेरी झाली. खाटांवर चादरी नव्या कोऱ्या, घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. पेशंट म्हणून झोपलेल्या बायकांत एक आमच्या गल्लीत मेथी विकायला येणारी मावशी होती. तिने मला ओळखलं, मी तिला ओळखलं, दोघींनी माना वळवल्या. जेवण झालं, पाकीट मिळालं. तीन हजार होते.

पैसे मी दुसऱ्या दिवशी परत पाठवले. पण सह्या मी केल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत. चौतीस वर्षांत एकही खोटी एन्ट्री केली नाही असा तोरा मिरवणारी मी, त्या पाच महिन्यांच्या चौकोनांत सह्या करून आले. याची लाज मला आहे आणि त्यासाठी जी कारवाई होईल ती मी भोगेन. मात्र एक विचारायचं आहे. माझ्यासारख्या एकीला एका दिवसात ट्यूटर करता येतं, इतकी सोपी ही तपासणी कोणी करून ठेवली?

साठ जागांचं चार वर्षांचं कॉलेज म्हणजे दोनशे चाळीस विद्यार्थी. दहाला एक या हिशेबाने चोवीस शिक्षक. आमच्या भागातल्या किती कॉलेजांत चोवीस जिवंत माणसं रोज पंचिंग करतात? एम.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलीला पंधरा-अठरा हजार देतात, तेही दोन महिने थकवून. ती कशी टिकेल? सरकारी कॉलेजांतही शिक्षकांची खुर्ची रिकामीच दिसते. माझ्या माहितीतल्या एका पाठ्यनिर्देशिकेने, म्हणजे नर्सिंग शिकवणाऱ्या शिक्षिकेने, निवृत्तीपर्यंत तिघींचं काम एकटीने केलं आणि निरोप समारंभात तिला "कर्तव्यदक्ष" म्हणून शाल दिली.

आमच्या वेळी सगळं छान होतं, असं मला म्हणायचं नाही. आम्ही सरकारी नर्सिंग स्कूलच्या मुली म्हणजे रुग्णालयाला फुकटचे हात होतो. विद्यावेतन तुटपुंजं, आणि एकेका मुलीच्या अंगावर रात्री चाळीस पेशंट. थकून रडायचो. पण तिसऱ्या वर्षाला नाकातून नळी घालताना हात थरथरत नव्हता, कारण तोवर पन्नास वेळा घातलेली असायची. आमच्याकडून जास्त राबवून घेतलं. आजच्या मुलींना हात लावायलाही पेशंट मिळत नाही, वर त्यांचे आईबाप फी भरतात. दोन्ही चूकच. मधलं काही तुम्हाला जमवता येईल.

फीवरून आठवलं. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. चांगला निर्णय, माझ्या भाचीसारख्या मुलींना त्याचाच आधार. पण म्हणजे आता या मुलींचा कॉलेजला जाणारा पैसा सरकारी तिजोरीतून जातो. त्या पैशाच्या बदल्यात शिकवणारा माणूस आणि शिकायला पेशंट आहे का, एवढं विचारायचा अधिकार आम्हाला आहे.

विचारायचं कोणाला, ही पुढची तक्रार. पदवीची परीक्षा आणि संलग्नता विद्यापीठाकडे. एएनएम आणि जीएनएमची परीक्षा राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे. नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे. निकष आणि मान्यता दिल्लीच्या भारतीय परिचर्या परिषदेकडे. प्रवेश सीईटी सेलकडे. कॉलेजला जागा मंजूर करणारा शासन निर्णय मंत्रालयातून. एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर जीएनएम आणि वर बी.एस्सी. चालतं. शिक्षिका, लॅब आणि सरावाचा पुतळा एकच, पण तपासणी वेगवेगळ्या दोन कार्यालयांची. जीएनएमवाले येतात तेव्हा पुतळा खाली असतो, बी.एस्सी.वाले येतात तेव्हा वर. एका मुलीच्या वडिलांनी तक्रार अर्ज केला. शेतकरी माणूस, दोनदा एसटीने जाऊन आले. सगळीकडे उत्तर एकच: हा विषय आमच्या कार्यक्षेत्रातला नाही.

आणि हे असंच चालू दिलं तर काय होतं, ते शेजारच्या मध्य प्रदेशने दाखवलं आहे. तिथल्या नर्सिंग कॉलेजांविरुद्धची याचिका उच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. मे २०२४ मध्ये तपास करणारे सीबीआयचेच काही अधिकारी, कॉलेजांकडून पैसे घेऊन चांगला अहवाल देत असल्याच्या आरोपावरून अटकेत गेले. तपासणाऱ्यांची तपासणी करायची वेळ आली. यात सगळ्यात जास्त भरडल्या त्या विद्यार्थिनी. त्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. म्हणून माझं म्हणणं असं नाही की उद्या उठून सगळ्यांना टाळं लावा. टाळं लागलं की संस्थाचालक पेट्रोल पंप काढतो. मुलगी घरी बसते आणि तिच्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात होते.

तुम्ही म्हणाल, नर्सची गरज मोठी आहे, कॉलेजं वाढायलाच हवीत. मान्य. केंद्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात २०१४ नंतर निघालेल्या १५७ सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून तितकीच नर्सिंग महाविद्यालयं काढायचं ठरवलं. ती पद्धत मला पटते: पेशंट जिथे आहे तिथे कॉलेज. आपण उलट करतो, आधी कॉलेज, मग पेशंटचा शोध. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी आपल्या सरकारने २०२४ मध्ये करार केला, त्यात नर्सही पाठवायच्या आहेत. पोरी जाऊ देत, चार पैसे मिळवू देत, त्यांचा हक्क आहे. पण जर्मनीतला पेशंटही इन्सुलिनच घेतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय अशी प्रत्येक ठिकाणाची एक यादी करा. खाटा किती, भरलेल्या किती, नॉर्मल डिलिव्हरी किती, आणि त्या कुठल्या कुठल्या कॉलेजांना वाटल्या आहेत. ही यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मराठीत टाका. रुग्णालयाची क्षमता संपली की त्याचं पत्र पुढच्या कॉलेजला चालणार नाही, असा नियम करा. ही यादी होईपर्यंत नवं कॉलेज नाही आणि वाढीव जागाही नाहीत.

शिक्षकांची यादी नोंदणी क्रमांकासह उघड करा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत आता प्रत्येक परिचारिकेला आधारशी जोडलेला एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक दोन कॉलेजांत दिसला की संगणकाने ओरडलं पाहिजे. यासाठी समितीला जेवण घालायची गरज नाही.

तपासणी न सांगता करा, आणि ती कॉलेजच्या हॉलमध्ये नव्हे, सकाळी साडेआठला वॉर्डात करा. विद्यार्थिनीला बाजूला घेऊन विचारा: आज कोणत्या पेशंटची काळजी घेतेस, त्याला कोणतं औषध चालू आहे? दहा मुलींना विचारलंत की कॉलेज कळेल. आणि वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरचं म्हणणं त्या अहवालात लिहून घ्या. अकरा वर्षांत मला एकाही समितीने एक शब्द विचारला नाही.

सरकारी कॉलेजांतली पाठ्यनिर्देशिकांची आणि प्राध्यापकांची पदं कधी भरणार, त्याची तारीख द्या. खासगी कॉलेजांना शिक्षकांचा पगार बँकेतूनच द्यायला लावा आणि त्याचा पुरावा संलग्नता नूतनीकरणाला जोडायला सांगा.

ज्या कॉलेजची मान्यता काढाल, तिथल्या मुलींना त्याच विभागातल्या दुसऱ्या कॉलेजात त्याच वर्षाला सामावून घ्यायची योजना आधी तयार ठेवा, मग आदेश काढा.

संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. त्यात संस्थांचं मूल्यांकन आणि मानांकन करणारं वेगळं मंडळ आहे, आणि राज्यांनी आपापले आयोग नेमायचे आहेत. महाराष्ट्राचा आयोग नेमाल तेव्हा त्यात वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर असू द्या. नुसते संस्थाचालक आणि निवृत्त अधिकारी नकोत. तोवर तक्रारीसाठी निदान एक खिडकी उघडा, जिथे "आमच्या कार्यक्षेत्रात नाही" हे उत्तर देता येणार नाही.

शेवटी एक वैयक्तिक विनंती. त्या दिवशी ज्या यादीवर माझ्या नावापुढे टिक झाली, त्या यादीत मी अजून ट्यूटर आहे का? आणखी कुठल्या कॉलेजच्या यादीत माझी झेरॉक्स गेली आहे का? नोंदणी क्रमांक मी तुमच्यापैकी प्रत्येक कार्यालयाला वेगळ्या पत्राने पोस्टाने कळवला आहे. कॉलेजचं नाव आणि तारीखही त्यात आहे. माझं नाव काढा, आणि काढल्याचं लेखी कळवा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका